एका फेरीची बाग

हे तुम्हाला पटणार नाही, आणि पटलं तर मलाच वाईट वाटेल; कारण एकदा पटलं की माणसं पुढचं ऐकत नाहीत, मान डोलावतात आणि चहाचं विचारतात. तरी सांगतो. मी एका उपग्रहाला फसवलं. सातशे-आठशे किलोमीटर उंचावरून जो दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातो, ज्याला ना पापणी आहे ना भीडमुर्वत, त्याच्या डोळ्यात मी, गुडघे दुखतात म्हणून जिना चढायला कां-कूं करणारा माणूस, भर सकाळी धूळ फेकली. धूळ म्हणजे भाजीचा पाला. हसा. भाजीवालीही हसली होती. पण ती हसता हसता पाला भरून देत होती, हे ध्यानात ठेवा. नुसतं हसणाऱ्यांपेक्षा अशी माणसं बरी. आणि आणखी एक आधीच सांगून ठेवतो: या हकिकतीत एक गल्ली खोटी आहे. कुठली ते मी सांगणार नाही. आमच्या धंद्यात तसा रिवाज होता, तो पुढे येईलच.

धंदा नकाशांचा. जन्मभर मी एका नकाशे छापणाऱ्या कंपनीत वाकून बसलो, शाईनं, हातानं, श्वास रोखून रेघा ओढल्या. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून रविवारी सकाळी शाळामास्तरांचा एक वर्ग घेऊ लागलो, संगणकावरच. ते आपापल्या घरी, मी माझ्या मागच्या खोलीत. आकाशातून काढलेल्या प्रतिमा कशा वाचायच्या, त्यावरून नकाशा कसा करायचा, हे पोरांना शिकवायला शाळेला एक छदाम लागत नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगतो, आणि पडद्यावरच्या छोट्या छोट्या खिडक्यांतले सगळे चेहरे संशयानं बारीक होतात. फुकट म्हटलं की शिकलेला माणूस आधी गोम शोधतो. गोम काही नाही. साध्या ब्राउझरमध्ये नकाशा उघडतो, जगातली हवी ती जागा घ्यावी, तारीख निवडावी, त्या दिवशी उपग्रहानं काय पाहिलं ते समोर. मग रंग बदलून बघता येतात. झाडाचं पान एक प्रकाश भरभरून परत फेकत असतं, तो आपल्याला दिसत नाही, अवरक्त म्हणतात त्याला. उपग्रहाला तो दिसतो, आणि आपल्याला कळावा म्हणून संगणक त्याला लाल रंग देतो. म्हणजे जिवंत पान लाल. वाळलेलं पान, माती, सिमेंट, प्लॅस्टिकची हिरवळ, सगळं करडं. माणसाच्या डोळ्याला गंडवता येतं, याला नाही, असं मी छातीवर हात ठेवून शिकवत आलो. आणि या शिकवण्यातली एक गंमत अशी की, कुणालाही सांगा, हे घ्या सगळं जग, काय बघायचं ते बघा, तो वाळवंट बघत नाही, हिमनदी बघत नाही. तो आपलं घर शोधतो. थोर भूगोलतज्ज्ञ असो की ड्रॉइंगचा मास्तर, पहिल्यांदा आपलं घर. म्हणून मीही उदाहरणाला माझंच घर घ्यायचो. करड्या सिमेंटच्या गर्दीत एकच लाल चौकोन, दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, त्याहून बारीक या उपग्रहाला दिसत नाही. आमची गच्ची नशिबानं त्या चौकोनात जवळजवळ पूर्ण बसते. ही बघा, म्हणायचो, आमच्या हिची बाग, अंतराळातून दिसणारी या शहरातली एकमेव गृहिणी. लाल म्हणायचो मी. खरं तर गुलाबी होता. स्वयंपाकघरातून भांड्यांच्या आवाजावर ही एकदा म्हणालीही होती की लाल लाल काय करताय, धुऊन विटलेल्या टॉवेलसारखा तर रंग आहे. मी माइक बंद करून हसलो होतो. तिनं तो रंग कधी पाहिला, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या रविवारी मी तेच उदाहरण उघडलं. सवयीनं, न बघता, जसा आपण न बघता दिव्याचं बटण दाबतो. बोलून गेलो, हा बघा लाल चौकोन.  मग एक जाड चष्म्याच्या बाई आहेत, प्रश्न विचारण्यासाठीच वर्गाला येतात, त्या अगदी मऊपणे म्हणाल्या, "सर, कुठला?" मी पडद्याकडे पाहिलं. करडं. शेजारच्या गच्चीसारखं, त्याच्या शेजारच्या गच्चीसारखं, एका मापाचं करडं. जिथं इतकी वर्षं माझं बोट आपोआप जायचं तिथं बोट गेलं होतं, आणि बोटाखाली काही नव्हतं. एखादं दाढीचं ब्लेड लागतं आणि रक्त यायला क्षणभर वेळ लागतो, तसं झालं. मी म्हणालो, ढगाची सावली असेल. बाई म्हणाल्या, ढग तर कुठं दिसत नाही. मी म्हणालो, पातळ ढग, हा फार फसवा असतो, पुढच्या तासाला पातळ ढग घेऊ. वर्ग संपवला. पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला.

आता कुणीही शहाणा माणूस उठून वर गच्चीवर गेला असता. घर माझं, जिना माझा, गच्ची माझी. मी गेलो नाही. मी खुर्ची पुढे ओढली आणि मागच्या तारखा उघडत बसलो. या साधनांत एक सोय आहे: एका ठिकाणावर बोट ठेवलं की तिथली हिरवाई दर फेरीला किती होती त्याचा आलेख निघतो, तापाच्या रुग्णाच्या खाटेला लटकवतात तसा. ही घर सोडून गेली तोवर आलेख सरळ, थोडा चढता. ती गेली त्या आठवड्यात पहिला खळगा. मग उतार. मग उतार. मग ढगामुळं एक ठिपका गायब. मग तळ. मी जिन्याखाली बसून रोज वर्तमानपत्र वाचत होतो आणि डोक्यावरच्या छतावर एक एक कुंडी मरत होती, आणि ही बातमी मला सातशे किलोमीटरचा वळसा घालून आली. वर जायचं कारणच पडलं नव्हतं. कपडे आत बाल्कनीत वाळत. गच्चीचं दार हिच्याच किल्लीचं, हिच्याच वेळेचं. सकाळी कडी काढल्याचा आवाज, मग पाण्याच्या पाइपचा खरखर आवाज, मग पायऱ्यांवर ओल्या तळव्यांचे ठसे, ते मी ओलांडून वर्तमानपत्र आणायला जायचो. ठसे येईनासे झाले, तेव्हा मला जिना कोरडा वाटला होता. स्वच्छ वाटला होता, असंही म्हणा.

गेली कशावरून, तर एका गोष्टीवरून. भांडणावरून नव्हे, आमच्यात भांडण करण्याइतका उत्साह उरलेला नाही. मी वर्गात रंगून सांगत होतो की आमची ही कुंड्यांना माझ्या नातेवाइकांची नावं ठेवते; गच्चीच्या कोपऱ्यात एक काटेरी निवडुंग आहे, ती माझी आत्या, आणि रोज सकाळी सगळ्यांना पाणी देऊन झालं की ही त्या निवडुंगासमोर उभी राहून जुने हिशेब चुकते करते. मास्तर लोक खो खो हसले. हसण्यासारखंच होतं, मी सुरेख सांगितलं होतं. वर्ग संपल्यावर ही दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ. म्हणाली, ते रोप आत्यांनी स्वतःच्या हातानं काढून दिलं होतं मला, शेवटच्या आजारात, बाकी कुणी ते जगवणार नाही म्हणून. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मी विसरलो होतो असंही नाही. गोष्टीत ते बसत नव्हतं, एवढंच. ती पुढे म्हणाली, तुमच्या गोष्टीत मी केव्हापासून आहे, पण मी जे बोलले ते त्यात एकदाही आलं नाही. मी म्हणालो, अगं, लोकांना कळतं गंमत आहे ते. मग ती जे म्हणाली ते आवाज न चढवता म्हणाली, "माझ्याबद्दल सांगायचंच असेल तर आता लांबून सांगा. जवळ असून तुम्हाला दिसत नाहीच." आणि बॅग भरून मुलीकडे गेली. बसनं अर्धा दिवस लागतो. थांब, परत ये, चुकलं, यांतलं काही मी म्हणालो नाही. मी म्हणालो, पाण्याची बाटली घेतलीस का. घेतली होती.

मुलीचा फोन येतो. मी जावयांची तब्येत विचारतो, तिकडची हवा विचारतो, नळाला पाणी किती वेळ असतं ते विचारतो. हिच्याबद्दल विचारत नाही. मुलगी थोडं थांबते, विचारायला जागा ठेवते, मग म्हणते, "बरं बाबा, ठेवू?" आणि ठेवते. बापलेकीत इतक्या सभ्यपणे काही झाकून ठेवण्याची आमची पहिलीच वेळ. पण त्या रविवारनंतर मला एक रस्ता सापडला. मुलीच्या घराचा चौकोन मी शोधून काढला. बैठं घर, पुढे अंगण. जावयांना नीटनेटकेपणाची आवड, म्हणून अंगणभर प्लॅस्टिकची हिरवळ. साध्या रंगात हिरवीगार, रंग बदलला की मेलेली. मी मनात जावयांना हसलो. हसता हसता थांबलो, कारण अंगणाच्या कडेचा एक चौकोन मेलेला नव्हता. अगदी किंचित. आलेख काढला. आपल्या गच्चीचा उतरत आला होता तेवढ्याच दिवसांत तिथला चढत गेला होता. दोन्ही आलेख एका पडद्यावर ठेवले. एक जिना उतरणारा, एक जिना चढणारा, आणि मध्ये कुठंतरी दोघांची गाठ पडल्यासारखी फुली. त्या फुलीकडे मी इतका वेळ बघत राहिलो की संगणकाचा पडदा आपोआप काळा झाला, आणि त्यात माझंच तोंड दिसलं.

माणूस जिथं लावतो तिथं राहतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही, नकाशे काढताना कळलं. वस्ती कुठं कायमची झाली ते घरावरून कळत नाही, घर तर कापडी पालाचंही असतं. झाड लावलं की कळतं. ही तिथं जमिनीत काही लावते आहे. म्हणजे एकदोन ऋतू तरी तिथंच राहायचं ठरवते आहे. मी खोलीतून उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो, परत उठलो. खुर्चीला जणू काटे. आत्याचा निवडुंग, म्हणा. मग अखेर कडी काढून वर गेलो. गच्चीवर ऊन नुसतं उभं होतं. कुंड्या रांगेत, ती ठेवायची तशाच, शिस्तीत, आणि सगळ्यांत काड्या. माती कडांपासून सुटलेली, भाकरीच्या कडा सुटतात तशी. एकीला बोट लावलं तर पान नव्हतं, पानाचा आकार होता, तो चुरा झाला. आणि कोपऱ्यात, जिथं निवडुंग असायचा, तिथं एक गोल. कुंडीचा. आजूबाजूची फरशी उन्हानं पांढरी, आणि तो गोल काळा, ओला असावा तसा, पण ओला नव्हता. ती निवडुंग घेऊन गेली होती. बॅगेत, काट्यांसकट, बसमध्ये, मांडीवर. आणि मी पाण्याच्या बाटलीचं विचारलं होतं. बाकीच्या मात्र मागे ठेवल्या. का ठेवल्या? नको होत्या म्हणून, की मी पाणी घालतो का ते बघायला? बघणार तरी कशी, असं मनात आलं, आणि ते तसंच गेलं. शेजारून चालणारा माणूस ओळखीचा वाटावा आणि आपण वळून बघू नये, तसं.

आता त्या रिवाजाचं. आमच्या कंपनीत मोठे साहेब होते, त्यांना आम्ही मोजपट्टी म्हणायचो. उंच, सपाट, आणि त्यांच्यापुढे सगळ्यांची लांबी कळायची. नवा आरेखक आला की ते त्याला एक खोटी गल्ली काढायला लावायचे. शहराच्या नकाशात, कुठंतरी आडबाजूला, नसलेली एक गल्ली. दुसऱ्या कुणी आपला नकाशा चोरून छापला तर ती गल्लीही छापली जाणार, आणि चोर सापडणार. ते म्हणायचे, सगळं खरं असलेला नकाशा कुणाचाही असू शकतो, त्यातली थाप मात्र आपली असते. माझं लग्न नुकतंच झालं होतं. मी माझी गल्ली नदीकडच्या भागात काढली, छोटीशी, वाकडी, आणि तिला हिच्या माहेरच्या लाडक्या नावानं सजवलं, जे फक्त मला आणि तिच्या घरच्यांना ठाऊक. नकाशा छापून आला तेव्हा घरी आणून पसरला. ही त्यावर ओणवी होऊन शोधू लागली, वेणी नकाशावर पडत होती, ती मागे टाकायची, पुन्हा पडायची. सापडलं. बोट तिथंच ठेवलं. मग म्हणाली, चला बघायला. मला सांगता येईना की ती नाही. गोष्ट चांगली चालली होती. आम्ही ऊन टळल्यावर निघालो, नवीन चपला, नवीन नवरा, ती पुढे, नकाशा हातात. मी म्हणत होतो आता येईल, या वळणानंतर. वळणानंतर भिंत आली. एका गोदामाची, चुना उडालेली. ती भिंतीसमोर उभी राहिली, तिच्यावर तळवा ठेवला, जणू पलीकडे काही ऐकू येईल, आणि वळून म्हणाली, इथं भिंत आहे हो. आणि हसली. इतकं हसली की मला वाटलं, आयुष्यभर पुरेल. मी ते पुरवून पुरवून वापरलं, आणि कधी संपलं ते बघितलं नाही. गच्चीवर त्या काळ्या गोलासमोर मला चुन्याचा वास आला. चुना कुठंच नव्हता.

कुणी म्हणेल, मग बसचं तिकीट काढायचं होतं. बरोबर आहे. पण मन असं सरळ रस्त्यानं कुठं जातं. मला पुढच्या रविवारची काळजी लागली होती. खरंच सांगतो, त्या क्षणी मला हिच्यापेक्षा जाड चष्म्याच्या बाईंची भीती जास्त वाटत होती. त्या विचारणार, सर, तो पातळ ढग गेला का? आणि मला तो चौकोन लाल हवा होता. पाणी घालून मेलेल्या काड्या जिवंत होत नाहीत. प्लॅस्टिक चालणार नाही, हे मीच शिकवलेलं. पण तोडलेलं पान लगेच मरत नाही. देठापासून तुटलेलं पानसुद्धा अर्धा दिवस आपण जिवंत असल्यासारखं वागतं, तो न दिसणारा प्रकाश भरभरून परत फेकत राहतं. त्याला अजून कुणी सांगितलेलं नसतं. हे डोक्यात आलं आणि मी ताठ बसलो. उपग्रहाच्या फेऱ्यांचं वेळापत्रकही फुकट मिळतं. फेरी शुक्रवारी, सकाळ वर आल्यावर. गुरुवारी मी कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे गेलो. ती फ्लॉवरचे गड्डे सोलून मांडत होती, पाल्याचा ढीग पायाशी. म्हटलं, बाई, हा पाला मला हवा. म्हणाली, न्या की काका, गाय पाळली का? म्हटलं, नाही, गच्चीवर अंथरायचाय. तिनं सुरी खाली ठेवली आणि मला नीट पाहिलं. काकू कुठंयत, असं विचारलं. गावाला, म्हणालो. ती म्हणाली, "तरीच." आणि हसता हसता आपल्या भावाच्या टेम्पोत बाजारातला सगळ्यांचा पाला भरून दुसऱ्या दिवशी दारात हजर.

शुक्रवारी सकाळी मी आणि तो टेम्पोवाला भाऊ जिन्यावरून पाला वर नेत होतो. माझ्या गुडघ्यांना काय झालं होतं कुणास ठाऊक, त्या दिवशी त्यांची तक्रार नव्हती. कुंड्या कडेला सरकवल्या. फ्लॉवरची रुंद, मेणचट, निळसर हिरवी पानं, मुळ्याचा खरबरीत पाला, कोबीची बाहेरची फाटकी पानं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वर पाणी शिंपडलं. दारात उभा राहून पाहिलं, तर गच्ची श्वास घेत होती. आभाळ धुतल्यासारखं, ढगाचा ठिपका नाही. टेम्पोवाल्यानं विचारलं, आता काय? म्हटलं, आता थांबायचं, वरून एक जण बघणार आहे. त्यानं वर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अदबीनं चपला घालून निघून गेला. मी मात्र थांबलो. वर काही दिसत नाही, ऐकू येत नाही. तरी एका क्षणी मानेवरून काहीतरी गेल्यासारखं वाटलं, मुंडी आपोआप खाली झाली, कुणी वडीलधारं खोलीतून जावं तशी. आणि माझ्या मनात आलं ते हे, की मी वर्गासाठी एवढं करत नाहीये. मग कुणासाठी? ते मला बघायचं नव्हतं. पाल्याचा ओला, गोडसर, थोडा कुजका वास नाकात भरला, मी दार ओढून खाली आलो.

रविवारी चौकोन लाल होता. गुलाबी नव्हे, लाल; हिच्या हयातभराच्या मेहनतीनं झाला नव्हता इतका. बाई म्हणाल्या, सर, अभिनंदन, ढग गेला. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. मी हसलो. उपग्रह फसला होता, वर्ग फसला होता, आणि ही गंमत ऐकवावी असं जगात एकच माणूस होतं, ते बसनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. पाला गच्चीवर आधी पिवळा पडला, मग काळा, मग त्याला असा वास सुटला की खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी वर येऊन कुठलं कलम लागतं ते तोंडपाठ सांगितलं. मी टोपल्या भरभरून तो खाली नेला. दुसऱ्या फेरीला चौकोन पुन्हा करडा. मुलीकडचा चौकोन त्याच फेरीला आणखी थोडा वर. मी पिशवीत दोन सदरे घातले. ऐन वेळी एक काढला, फार दिवस राहायला आलोय असं वाटू नये म्हणून. मग परत घातला.

बसमध्ये बसल्या बसल्या मी बोलायचं जुळवत होतो. पहिलं वाक्य जमेना. चुकलं, हा शब्द तोंडात फिरवून पाहिला. त्याला चव नव्हती, दुसऱ्याची कवळी घातल्यासारखं झालं. मग माझ्या जिभेनं नेहमीचं काम सुरू केलं. म्हटलं, बाग जगवली म्हणून सांगू. रोज पाणी घातलं, रोज तुझी आठवण काढली, पुरावा आकाशातला. गोष्ट अशी आपोआप गोल होत गेली, की बस थांबली तेव्हा मला जवळजवळ पटलं होतं की मी पाणी घातलंय.

फाटक उघडं होतं. मुलीनं दार उघडलं, माझी पिशवी घेतली, तोंडावर काही येऊ दिलं नाही, म्हणाली, "आई अंगणात आहे, बाबा. आणि तिला लांबून हाक मारू नका." मी प्लॅस्टिकच्या हिरवळीवरून गेलो, पायाखाली ब्रशसारखं टोचत. ही अंगणाच्या कडेला उकिडवी बसली होती, पाठमोरी, कोपरापर्यंत माती. पदर खोचलेला. आणि तिच्यापुढे माझा सगळा आलेख होता, तो चढणारा जिना. मी जमिनीत शोधत होतो. जमिनीत काहीच नव्हतं. पत्र्याचे डबे, फुटकी बादली, रंगाचे रिकामे ड्रम, नातवंडाचा जुना टब, एकूण एक रोप उचलून नेता येईल अशा कशात तरी लावलेलं. काहींना तर दोरीचे कान केले होते, धरायला. वरून हे दिसत नाही. वरून कुंडीतलं झाड आणि जमिनीतलं झाड एकच लाल असतं. रांगेत सगळ्यात पुढे आत्याचा निवडुंग, त्याच्या डोक्यावर एक नवी, कोवळी, काटेही धड न फुटलेली गाठ. मी जुळवून आणलेलं सगळं तिथंच टाकून द्यायला हवं होतं. पण गोष्ट तयार असली की जीभ तिच्या मागे जाते.

तिनं वळून पाहिलं.  मग हात झटकले आणि म्हणाली, गुडघे कसे आहेत. मी म्हणालो, रोज गच्चीवर जाऊन जाऊन सुधारले. तिच्या भुवया जराशा वर गेल्या, आणि मला जोर आला. मी सांगत गेलो: तू गेल्यापासून एक दिवस चुकवला नाही, सकाळी कडी काढतो, पाइप लावतो, एकेकीला विचारपूस; अशी फुलली आहे बाग की इतकी वर्षं गुलाबी होता तो चौकोन, तो आता लाल झालाय, वर्गानं टाळ्या वाजवल्या, खोटं वाटत असेल तर बघ. फोन काढला, त्या शुक्रवारची तारीख उघडली, आणि तिच्यासमोर धरला. करड्या शहराच्या मधोमध आमची गच्ची निखाऱ्यासारखी. तिनं मातीचे हात पदराला पुसले नाहीत, फोन हातात घेतला नाही. नुसती वाकून बघत राहिली. वेणी, आता पांढरी, पुढे आली, ती तिनं मागे टाकली. मुलगी दारात उभी होती आणि तिनं ओठ आत ओढून धरले होते.

"जरा पुढची तारीख लावा," ही म्हणाली.

मी म्हणालो, पुढची कशाला, त्या दिवशी ढग होते.

"ढग नव्हते. मी बघितलंय." मग तिनं मातीचं एक बोट पुढे केलं आणि अगदी हलकेच त्या लाल चौकोनावर ठेवलं, काचेवर मातीचा ठिपका उमटला. "भिंतीपलीकडून तुमचे सगळे वर्ग ऐकलेत मी. इथं आल्यापासून दर फेरीला आपली गच्ची बघते. उतरली, उतरली, आणि एका शुक्रवारी एकदम ही अशी, आणि पुढच्या फेरीला परत राख. अहो, एका फेरीत उगवणारी आणि दुसऱ्या फेरीत मरणारी बाग मी जन्मात लावलेली नाही. खरं सांगा, काय अंथरलं होतंत? फ्लॉवरचा पाला की मुळ्याचा?"